मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची वेदना आणि पाठीच्या कण्यातील मॉर्फिन
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)





व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आमच्याकडे विचारणा केली की, इतका तांत्रिक विषय कौटुंबिक मेळाव्यात कशासाठी? याचे उत्तर प्रथम देणे आवश्यक वाटते. अमेरिकेत मूत्रपिंडे निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेह हे आहे, आणि दक्षिण आशियातून आलेल्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आहे. स्वतः बाबासाहेबांनाही मधुमेहाने आणि त्यातून उद्भवलेल्या पायांच्या दुखण्याने किती छळले, हे आपण सर्व जाणतो. आज या सभागृहातील किमान काही घरांत कोणी ना कोणी डायलिसिसवर आहे, अथवा कोणाची दाता म्हणून तपासणी चालू आहे, हे आम्हाला व्यक्तिशः ठाऊक आहे. अशा घरांतून आम्हाला पुष्कळ प्रश्न विचारले जातात. क्रिएटिनिन किती चालेल, पथ्य काय, विमा किती देईल, नवी किडनी किती वर्षे टिकेल. दुखेल किती, आणि त्यावर डॉक्टर काय करतील, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. वेदना ही सोसायची गोष्ट आहे, ती विचारायची नव्हे, असे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या मानले गेले आहे. ज्यांच्या पूर्वजांना तक्रार करण्याचा अधिकारच नव्हता, त्या समाजात ही सवय अधिक खोल रुजलेली असावी, असे आमचे मत आहे. म्हणून हा विषय घेतला.

आम्ही भूलशास्त्राचे डॉक्टर. शल्यविशारद शस्त्रक्रिया करतो, आणि त्या काळात रुग्णाचा श्वास, रक्तदाब आणि वेदना यांची जबाबदारी आमच्याकडे असते. शस्त्रक्रिया तीन-चार तासांत संपते. वेदनेचे खरे काम त्यानंतर सुरू होते.

थोडा इतिहास पाहू. अफूचा वेदनाशामक गुण मानवाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. जर्मनीतील सेर्ट्युर्नर या तरुण औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून तिचे मुख्य सत्त्व वेगळे काढले, तेच मॉर्फिन. पुढे १८९८ साली कील येथे ऑगस्ट बिअर या शल्यविशारदाने पाठीच्या कण्यातील द्रवात कोकेनचे द्रावण घालून कमरेखालचा भाग बधिर करून दाखविला. हा गृहस्थ मोठा धीराचा. हा प्रयोग त्याने आणि त्याच्या साहाय्यकाने एकमेकांवरही केला, आणि नंतर दोघांनी डोकेदुखीही भोगली. परंतु ही दोन ज्ञाने, म्हणजे अफूचे सत्त्व आणि कण्यातील सुई, एकत्र येण्यास आणखी सुमारे ऐंशी वर्षे लागली. कारण मॉर्फिन शरीरात नेमके कोठे काम करते, हेच कोणास ठाऊक नव्हते. ते मेंदूवर काम करते आणि माणूस गुंगीत जातो म्हणून त्याला दुखत नाही, असा सर्वसाधारण समज होता.

१९७३ साली बाल्टिमोर येथे कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी चेतातंतूंवर अफूच्या द्रव्यांसाठी खास ग्राहक-स्थाने असतात, हे दाखवून दिले. त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि उप्साला येथील संशोधकही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाप्रत आले. निसर्गाने आपल्या शरीरात कुलपे बसविली आहेत, तर त्यांची किल्लीही शरीरातच असली पाहिजे, हा पुढचा तर्क. आणि १९७५ साली अ‍ॅबर्डीन येथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच तयार करीत असलेली अशी द्रव्ये शोधून काढली. ही ग्राहक-स्थाने केवळ मेंदूत नव्हेत, तर मेरुरज्जूच्या मागील भागातही दाटीने आहेत, असे आढळले. शरीराच्या खालच्या भागातून येणारा वेदनेचा प्रत्येक संदेश मेंदूकडे जाताना याच ठिकाणी थांबतो आणि पुढच्या तंतूच्या हाती सोपविला जातो. याला आपण जकात नाका म्हणू. १९७६ साली याक्श आणि रूडी यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत या नाक्यावरच मॉर्फिन पोहोचविले आणि वेदना थांबते, परंतु स्पर्श आणि हालचाल कायम राहते, असे सिद्ध केले. १९७९ साली मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी कर्करोगाच्या असह्य वेदना असलेल्या काही रुग्णांना या मार्गाने मॉर्फिन दिले. एका इंजेक्शनाने त्यांना तासन् तास आराम मिळाला.

आता प्रमाणाचा विचार करा, कारण या उपचाराचे सारे मर्म प्रमाणात आहे. शिरेतून मॉर्फिन दिले तर ते रक्ताबरोबर सर्व शरीरभर पसरते आणि त्याचा अगदी अल्प अंश मेरुरज्जूपर्यंत पोहोचतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अशा मार्गाने दिवसभरात पंधरा-वीस मिलिग्रॅम वा त्याहून अधिक मॉर्फिन लागू शकते. तेच थेट मेरुद्रवात दिले, तर सर्वसाधारणपणे १०० ते २०० मायक्रोग्रॅम पुरते. म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा ते पाचवा हिस्सा. जेवणाच्या मिठाचे दोन-तीन कण तळहातावर घ्या. वजन साधारण तेवढेच भरेल. आणि या दोन-तीन कणांचा परिणाम अठरा ते चोवीस तास टिकतो. याचे कारण असे की मॉर्फिन पाण्यात रमणारे आहे, चरबीत नव्हे. फेंटानिल हे दुसरे औषध चरबीत चटकन विरघळते, म्हणून ते लवकर काम करते आणि दोन-चार तासांत संपते. मॉर्फिन सावकाश आत शिरते, सावकाश बाहेर पडते आणि मेरुद्रवाबरोबर हळूहळू वर सरकत राहते. हा वर सरकण्याचा गुण उपयोगाचाही आहे आणि धोक्याचाही. त्याकडे आपण पुढे येऊ.

मूत्रपिंडाच्या रुग्णाला ही पद्धत विशेष उपकारक का, हे समजण्यासाठी शस्त्रक्रियेची थोडी कल्पना हवी. पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण बॉस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये केले. त्यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेकांचा समज असा असतो की जुनी किडनी काढून तिच्या जागी नवी बसवितात. प्रत्यक्षात जुन्या किडन्या सहसा जागच्या जागीच राहतात. नवी किडनी ओटीपोटाच्या एका बाजूस, बहुधा उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या खोबणीत ठेवतात आणि तेथील मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. त्यासाठी पोटाच्या खालच्या बाजूस वीतभर लांबीची वाकडी जखम करावी लागते. पोटाचे स्नायू कापले वा बाजूस सारले जातात. त्यामुळे खोकताना, कुशीवर वळताना, उठून बसताना कळ येते. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही. परिणामी छातीत कफ साचतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. नव्या किडनीसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे पहिल्या दिवसापासून सुरू असतात. अशा माणसाला न्युमोनिया होणे परवडणारे नसते. वेदनाशमन म्हणजे रुग्णाचे लाड, असे समजणाऱ्यांनी या बाबींचा अवश्य विचार करावा.

मग नेहमीच्या गोळ्या का नकोत? आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची औषधे किडनीच्या रक्तपुरवठ्यावर आघात करतात. टॅक्रोलिमस वा सायक्लोस्पोरिन चालू असलेल्या रुग्णात तर हा आघात दुहेरी होतो. म्हणून ती वर्ज्य. पेथिडीन हे एके काळी भारतात सर्रास वापरले जाणारे इंजेक्शन. किडनी काम करीत नसेल तर त्याचे एक विघटनद्रव्य शरीरात साचते आणि झटके येऊ शकतात. तेही वर्ज्य. पॅरासिटामॉल, ज्याला या देशात टायलेनॉल म्हणतात, ते चालते, परंतु एवढ्या वेदनेला ते एकटे पुरे पडत नाही. राहिले मॉर्फिन. यकृत मॉर्फिनचे रूपांतर ज्या द्रव्यांत करते, त्यांपैकी मॉर्फिन-सहा-ग्लुकुरोनाइड हे स्वतःच प्रभावी वेदनाशामक आणि गुंगी आणणारे आहे, आणि ते बाहेर टाकण्याचे काम किडनीचे. नवी किडनी कधी टेबलावरच लघवी करू लागते, तर कधी, विशेषतः मृत दात्याकडून आलेली असल्यास, जागी होण्यास काही दिवस घेते. तोवर शिरेतून दिलेल्या मॉर्फिनचा हा अवशेष साचत जातो आणि सकाळी शुद्धीवर असलेला रुग्ण संध्याकाळी गाढ झोपेत, मंद श्वासावर सापडू शकतो. पाठीच्या कण्यातून दिलेल्या दीडशे मायक्रोग्रॅमचा अवशेष मात्र इतका अल्प असतो की किडनी निद्रिस्त असली तरी त्याचा भार जाणवत नाही.

आणखी एक लाभ आहे, आणि आमच्या दृष्टीने तो मोठा आहे. कण्यात बधिरता आणणारे औषध दिले तर रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो. नव्या किडनीला पहिल्या काही तासांत भरपूर दाबाने रक्त हवे असते; दाब उतरला की तिचे नुकसान. केवळ मॉर्फिन दिले तर वेदना थांबते, पण रक्तवाहिन्या सैल पडत नाहीत, पायांतील शक्ती जात नाही. रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसू शकतो.

प्रत्यक्ष कृती अल्पकाळाची आहे. रुग्णाला बसवून वा कुशीवर निजवून, कमरेच्या मणक्यांच्या मधून एक अतिशय बारीक, पेन्सिलच्या टोकासारखी सुई आत नेतात. प्रौढ माणसाचा मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या वा दुसऱ्या मणक्याशी संपतो; सुई त्याच्या खाली घालतात, म्हणून रज्जूला इजा होण्याचा संभव अत्यल्प असतो. मेरुद्रवाचा थेंब दिसला की औषध देतात. या औषधात टिकाऊपणासाठी घातलेली रसायने असता कामा नयेत, असा कटाक्ष असतो. त्यानंतर रुग्णाला नेहमीप्रमाणे पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया होते.

आता आपल्या घरोघरी असलेल्या शंकांकडे वळू. पहिली शंका कमरेची. "सिझरच्या वेळी मणक्यात सुई दिली, तेव्हापासून कंबर गेली," हे वाक्य आम्ही नागपुरात ऐकले, मुंबईत ऐकले आणि न्यू जर्सीतही ऐकले. बाळंतपणानंतरची कंबरदुखी ही खरीच असते; परंतु ती सुई न घेतलेल्या स्त्रियांतही तितकीच आढळते. गर्भारपण, वाकून बाळाला उचलणे, अपुरी विश्रांती, कामाचा बोजा ही तिची कारणे. सुईच्या जागी दोन-चार दिवस हुळहुळते, इतकेच. डोकेदुखीची शक्यता मात्र आहे. बारीक सुईने ती शंभरात एखाद्याला होते. उठून बसले की वाढते, निजले की थांबते, आणि तिच्यावर उपाय आहेत.

दुसरी शंका व्यसनाची. या देशात गेल्या तीस वर्षांत अफूजन्य गोळ्यांनी केलेला संहार सर्वांनी पाहिला आहे, त्यामुळे ही भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी कण्यात एकदाच दिलेले औषध आणि घरी आणलेली गोळ्यांची बाटली यांत फरक केला पाहिजे. कण्यातील मॉर्फिनमुळे पहिल्या दिवशी शिरेतील व पोटातील औषध कमी लागते. घरी जाताना मिळालेल्या गोळ्या उरल्या, तर त्या फडताळात न ठेवता औषधांच्या दुकानातील परत घेण्याच्या पेटीत टाकाव्यात. घरात कॉलेजला जाणारी मुले असतात, हे विसरू नये.

तिसरी शंका आमच्याकडे दबक्या आवाजात विचारली जाते, आणि विचारणारे बहुधा ज्येष्ठ उपासक असतात. अफू हा मादक पदार्थ. तो घेतल्याने पाचव्या शीलाचा भंग होत नाही काय? बावीस प्रतिज्ञांत तर दारू न पिण्याची स्पष्ट प्रतिज्ञा आहे. आम्ही धम्माचे पंडित नव्हे, तरी एवढे सांगू शकतो की पाचवे शील प्रमादाला कारण होणाऱ्या सेवनाविषयी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात पिलिंदवच्छ या भिक्खूच्या वातविकाराची कथा येते. वैद्यांनी सांगितलेल्या तेलाच्या काढ्यात मद्य घालावे लागत होते, तेव्हा भगवंतांनी ते घालण्यास अनुमती दिली. पुढे काहींनी त्याचा गैरफायदा घेऊन अधिक मद्य घातले, तेव्हा रंग, वास अथवा चव जाणवणार नाही इतकेच असावे, अशी मर्यादा घातली. म्हणजे औषध म्हणून अनुमती आणि प्रमाणाचे बंधन, दोन्ही एकत्र. अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला स्वहस्ते स्नान घालणारे भगवंत शस्त्रक्रियेनंतरची वेदना निष्कारण सोसण्यास सांगतील, असे आम्हास वाटत नाही. ज्यांना अजूनही संकोच असेल त्यांनी आपल्या भन्तेजींना विचारावे; परंतु शस्त्रक्रियेच्या आधी विचारावे, खाटेवर पडून दात खात असताना नव्हे.

इतके गुण सांगितल्यावर धोका सांगणे आमचे कर्तव्य आहे. मॉर्फिन मेरुद्रवातून वर सरकत मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वासकेंद्रापर्यंत पोहोचू शकते, आणि ते पोहोचते उशिरा. सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही नंतर. आरंभीच्या वर्षांत मात्रा मोठ्या दिल्या जात होत्या, त्यामुळे असे प्रसंग अधिक घडले. आज मात्रा लहान झाल्याने ते विरळ झाले आहेत, संपलेले नाहीत. म्हणून पहिले बारा तास दर तासाला आणि पुढचे बारा तास दर दोन तासांनी रुग्णाचा श्वास, जाग आणि प्राणवायू पाहावा, असा अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा दंडक आहे. परिचारिका रात्री तीनदा-चारदा येऊन उठवते म्हणून आपले लोक चिडतात. "बाबांना आत्ता कुठे डोळा लागला, झोपू द्या ना," असे म्हणून दाराशी अडविणारी कन्याही आम्ही पाहिली आहे. तिची माया आम्हास मान्य आहे. परंतु त्या रात्री रुग्णाला उठविणे हाच उपचाराचा भाग असतो. घोरणे म्हणजे शांत झोप नव्हे. हाक मारूनही डोळे न उघडणे, श्वास फार सावकाश चालणे, ओठ निळसर होणे, यांतील काहीही दिसले तर घंटा वाजवावी आणि परिचारिका येईपर्यंत हलवून जागे करीत राहावे. नॅलोक्सोन नावाचा उतारा वॉर्डात असतो आणि तो काही मिनिटांत काम करतो.

ज्यांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे, जे रात्री यंत्राचा मुखवटा लावून झोपतात, त्यांनी हे भूलतज्ज्ञाला सांगितलेच पाहिजे. मधुमेहाने पायांची आग होते म्हणून गॅबापेंटिन घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हे औषधही किडनीवाटेच बाहेर जाते, साचते, आणि मॉर्फिनबरोबर श्वास मंद करते. ते सांगावे. गावाकडून आणलेली चूर्णे आणि काढे, जे आपण औषध मानीत नाही म्हणून यादीत लिहीत नाही, तेही सांगावे.

आणखी एक सूचना. काही रुग्णांना शिरेतून औषध सोडणाऱ्या पंपाचे बटण हातात दिलेले असते. दुखले की रुग्णाने स्वतः दाबायचे. गुंगीत गेलेला रुग्ण बटण दाबू शकत नाही, हीच त्याची सुरक्षा. मुलाने वा सुनेने प्रेमापोटी झोपलेल्या रुग्णासाठी ते बटण दाबले, तर ही सुरक्षा नाहीशी होते. कृपा करून ते कोणीही दाबू नये.

किरकोळ उपद्रवांत खाज मुख्य. नाक, चेहरा, छाती खाजू लागते. डायलिसिसच्या रुग्णांना खाज नवी नाही, त्यामुळे ते विशेष घाबरत नाहीत. दाते मात्र अ‍ॅलर्जी झाली म्हणून घाबरतात. ती अ‍ॅलर्जी नव्हे, आणि औषधाने आटोक्यात येते. मळमळ होते, तिच्यावरही औषध आहे. लघवी अडणे हा तिसरा उपद्रव, परंतु प्रत्यारोपणाच्या रुग्णाला लघवीची नळी आधीच घातलेली असते, त्यामुळे येथे त्याची चिंता नाही.

दात्याविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. रुग्ण आजारी असतो आणि बरा होण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतो. दाता धडधाकट असतो, आणि दुसऱ्यासाठी दुखणे पत्करतो. भारतात आणि आपल्या कुटुंबांतही दाता बहुधा माता किंवा पत्नी असते. तिने किडनी दिल्यावर सर्वांचे लक्ष स्वाभाविकपणे घेणाऱ्याकडे लागते. किती लघवी झाली, क्रिएटिनिन किती उतरले, याचे फोन नागपूरपर्यंत जातात. आणि शेजारच्या मजल्यावर ती एकटी कुशीवर वळता येत नाही म्हणून छताकडे पाहत पडलेली असते. पूर्वी दात्याची जखम बरगडीखालून पाठीपर्यंत जात असे आणि पहिले काही दिवस घेणाऱ्यापेक्षा दात्यालाच अधिक दुखे. १९९५ साली बाल्टिमोरच्या रॅटनर आणि कावूसी यांनी दुर्बिणीतून दात्याची किडनी काढली आणि चित्र पालटले. आता काही लहान छिद्रे आणि ओटीपोटावर एक छोटी जखम पुरते. तरीही पहिला दिवस सुखाचा नसतो, आणि कण्यातील मॉर्फिनचा त्या दिवशी स्पष्ट उपयोग होतो. दात्याला लघवीची नळी लवकर काढतात, म्हणून लघवी अडण्याकडे तिच्या बाबतीत लक्ष ठेवावे लागते. पोटात भरलेल्या वायूमुळे खांद्यात येणारी चमक मात्र मॉर्फिनने फारशी थांबत नाही; ती दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते. हे आधी सांगितले नाही, तर हृदयाचा झटका आला की काय, अशी घाबरगुंडी उडते. एकच किडनी उरल्यामुळे दात्याने पुढील आयुष्यात आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, हेही येथेच सांगून ठेवतो.

ही पद्धत सर्वांना लागू पडत नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, नुकत्याच झालेल्या डायलिसिसमधील हेपॅरिनचा अंमल उरला असेल, रक्त गोठण्याची क्रिया मंद असेल, तर कण्यात रक्तस्राव होऊन पाय लुळे पडण्याचा विरळ पण भयंकर धोका असतो. किडनी निकामी झालेल्यांत रक्तबिंबिका संख्येने पुरेशा असूनही दुबळ्या असतात, म्हणून हा निर्णय प्रत्येक रुग्णापुरता स्वतंत्र करावा लागतो. सर्व केंद्रांत एकमत नाही. काही ठिकाणी पोटाच्या भिंतीतील चेतातंतूंभोवती सोनोग्राफीच्या साहाय्याने बधिरतेचे औषध देतात, आणि त्यातही चांगला आराम मिळतो. आमचा कल कण्यातील मॉर्फिनकडे आहे, परंतु जेथे रात्री रुग्णाकडे पाहण्यास पुरेशा परिचारिका नाहीत, तेथे आम्ही ते देण्याचा आग्रह धरणार नाही.

भारतात ज्यांच्या आप्तांची शस्त्रक्रिया होणार आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि त्याच देशात रुग्णाला मॉर्फिन मिळणे वर्षानुवर्षे दुरापास्त होते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचे असे जाळे निर्माण केले की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मार्ग सोपा झाला. परंतु प्रत्येक शहरात, प्रत्येक रुग्णालयात परिस्थिती सारखी नाही. म्हणून पुण्यात वा नागपुरात प्रत्यारोपण ठरले असेल, तर कण्यातून देण्याजोगे मॉर्फिन आपल्याकडे आहे काय, हा प्रश्न भूलतज्ज्ञाला आठवडाभर आधी विचारावा. नसेल तर दुसरी कोणती योजना आहे, हेही विचारावे. प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही.

शेवटचा मुद्दा वेदना सांगण्याचा. येथील परिचारिका विचारते, शून्य ते दहांत किती दुखते? ज्या माउलीने आयुष्यात कोणत्याही गोष्टीला आकडा दिलेला नाही, ती म्हणते, "ठीक आहे." परिचारिका लिहून घेते: वेदना नाही. आपल्या भाषेत वेदनेला किती शब्द आहेत पाहा. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, आग, चुरचुर, सल, पेटका, ओढ, हे सर्व वेगळे. आणि डॉक्टरला यांतील प्रत्येकाचा वेगळा अर्थ लागतो. जखमेचा ठणका हा अपेक्षित. लघवीच्या पिशवीकडे येणारी कळ नळीमुळे असू शकते. नव्या किडनीच्या जागी एकाएकी फुगल्यासारखी ओढ आणि कमी झालेली लघवी ही मात्र शल्यविशारदाला तातडीने बोलाविण्याची बाब. कण्यातील औषधाने दिलासा असताना अचानक तीव्र दुखू लागले, तर ते औषध कमी पडले म्हणून सोडून देऊ नये. आत काही बिघडले आहे काय, हे पाहिलेच पाहिजे.

सांगितले तरी ऐकले जाईलच, अशी खात्री नसते. १९९३ साली लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयातील अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडे मोडून आलेल्या रुग्णांपैकी लॅटिन अमेरिकन वंशाच्या ५५ टक्के लोकांना वेदनाशामक मिळालेच नव्हते. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण २६ टक्के होते. हाडे सारखीच मोडली होती. हा अभ्यास आपल्या लोकांविषयी नव्हता. परंतु उच्चार निराळा असलेल्या, वर्ण निराळा असलेल्या माणसाचे दुखणे कमी मोजले जाते, हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. यावर कायद्याचा आधार आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यान्वये, केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णाला विनामूल्य दुभाषा द्यावा लागतो. मराठी दुभाषा बहुधा फोनवर मिळतो. तो मागावा. बारा वर्षांच्या नातवाला आजीच्या लघवीविषयी इंग्रजीत बोलावयास लावू नये. तोही संकोचतो आणि आजीही खरे सांगत नाही.

ज्यांच्या घरी दात्याची वा रुग्णाची तपासणी चालू आहे, त्यांच्यासाठी आम्ही एक पानभर प्रश्नावली मराठीत आणि इंग्रजीत तयार केली आहे. चालू औषधे, झोपेतील श्वासाचा विकार, रक्त पातळ करणारी गोळी, यापूर्वीच्या भुलेचा अनुभव आणि वेदनेचे मराठी शब्द व त्यांचे इंग्रजी अर्थ असे तिचे स्वरूप आहे. त्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. भोजनानंतर आम्ही तेथेच थांबणार आहोत. सर्वांसमोर विचारणे ज्यांना अवघड वाटते, त्यांनी तेव्हा यावे.